भाव ठरतो कुठे?

पी. व्ही. नरसिंह राव यांनी १९८४ आणि १९८९ अशा दोन निवडणुका रामटेक मतदारसंघातून जिंकल्या. सावनेर तालुक्यातले खापा याच मतदारसंघात येते. म्हणजे जून १९९१ मध्ये जो माणूस पंतप्रधान झाला, तो काही महिन्यांपूर्वीपर्यंत खाप्याचा खासदार होता. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, २४ जुलैला मनमोहन सिंगांनी तो गाजलेला अर्थसंकल्प मांडला आणि परवाना राज मोडायला सुरुवात झाली. जागतिकीकरणावरचे बहुतेक मराठी लेखन याच महिन्यापासून सुरू होते. त्याआधी आपण बंद घरात होतो आणि मग दार उघडले, असा त्याचा सूर असतो. दार उघडले ते बरे की वाईट, एवढ्यावरच मग वाद रंगतो.

या पुस्तकाची सुरुवात मी तिथून केलेली नाही, कारण जग खाप्यात त्याच्या सव्वाशे वर्षे आधीच येऊन पोचले होते. नागपूरच्या उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठावर वसलेले हे गाव. १८६७ साली इथे नगरपालिका झाली, आणि त्याच वर्षी मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरापर्यंत आला. गाव कोष्ट्यांचे, म्हणजे हातमागाचे. भोवती काळी जमीन, तिच्यावर कापूस आणि पुढे संत्रा. गावालगतच्या गुमगावला मँगनीजची खाण. कापड, कापूस आणि मँगनीज या तीन मालांनी खाप्याला जगाशी बांधले. तिन्ही माल एकाच पंचक्रोशीतले, पण तिघांचे नशीब वेगवेगळे निघाले. एवढ्याशा गावात जागतिक बाजाराने तीन वेगळे निकाल दिले असतील, तर ‘जागतिकीकरणाचा भारतावर परिणाम’ अशा एका वाक्यात उत्तर मागणे चूक आहे, हे माझे म्हणणे. देशांविषयी बोलायचे तर आधी देशाच्या आतली माणसे वेगवेगळी मोजली पाहिजेत.

कापडापासून सुरुवात करतो. मँचेस्टरच्या कापडाने आपला विणकर मारला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. धनंजयराव गाडगीळ नागपुरात वाढले आणि १९२४ साली त्यांचे भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. कारागिरांच्या ऱ्हासाची कारणे सांगताना देशी दरबार नाहीसे झाले आणि परकी सत्तेबरोबर राहणी व आवडीनिवडी बदलल्या, या दोन गोष्टी त्यांनी यंत्राच्या स्पर्धेच्या बरोबरीने धरल्या आहेत. नागपूरला हे नेमके लागू पडते. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. पागोटी, उपरणी, रेशीमकाठी धोतरे यांचे मोठे गिऱ्हाईक तिथेच गेले. रेल्वे त्यानंतर तेरा वर्षांनी आली.

आणि रेल्वेबरोबर आलेल्या मालाने पहिला घाव घातला तो विणणाऱ्यावर नव्हे, सूत कातणाऱ्या बाईवर. हाताने कातलेले सूत गिरणीच्या सुतापुढे टिकणे शक्यच नव्हते. कोष्ट्याला मात्र गिरणीचे सूत सोयीचे पडले, कारण ते एकसारखे, बारीक आणि स्वस्त होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केल्यावर तर हे सूत घरापाशीच मिळू लागले. कातणारी गेली, विणणारा तगला. तगला तो एका खास जागेमुळे. मागावर बसलेल्या माणसाकडे जवळून पाहा. खड्ड्यात पाय सोडून तो पावड्या दाबतो आणि धोटा या हातातून त्या हातात जातो. करवती काठाच्या लुगड्याला एका धोट्याने भागत नाही, तीन लागतात: दोन काठांना दोन आणि मधल्या अंगाला एक. काठाचा आणि अंगाचा रंग जिथे भेटतो तिथे धागे एकमेकांत अडकवत करवतीचे दात उठवायचे असतात. यंत्रमागाला हे परवडत नव्हते. विणण्याआधी गल्लीत लांबच लांब ताणा पसरून त्याला खळ लावायची, कुंच्याने विंचरायचा, म्हणजे पांजणी करायची, आणि घरातल्या बायकामुलांनी राहाटावर कांड्या भरायच्या. या बायकामुलांची मजुरी कुठल्याच हिशेबात कधी धरली गेली नाही. हातमाग टिकण्याचे ते एक मोठे कारण आहे, आणि त्याचा अभिमान बाळगावा असे मला वाटत नाही.

जाडेभरडे कापड विणणारे आणि सूत कातणारे नागपूर भागात मोठ्या संख्येने महार समाजातले होते. त्यांचा धंदा आधी बुडाला. पण त्यातलेच कितीतरी लोक गिरणी, जिनिंग आणि रेल्वेच्या कामावर गेले. गावच्या बलुत्याबाहेरची रोख मजुरी पहिल्यांदा हातात आली, मुले शाळेत गेली, वस्त्यांत संस्था उभ्या राहिल्या. मोहप्याचे किसन फागोजी बनसोडे यांच्यासारखे पुढारी याच जिल्ह्यातून पुढे आले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दरवाजे अस्पृश्यांना बंद ठेवले जात, हेही त्याच बाजाराचे दुसरे अंग. ज्या बदलाने एकाचे घर बसवले त्यानेच दुसऱ्याला गावाबाहेर पडायची वाट दिली, आणि काही वेळा तो एकाच कुटुंबावर दोन्ही बाजूंनी आला. मग हिशेब लिहायचा कसा? मी तो एका ओळीत लिहिलेला नाही.

स्वातंत्र्यानंतरही हातमागाची गोष्ट सरळ नाही. १९७६ साली सरकारने जनता कापड योजना आणली. गरिबांसाठी स्वस्त साड्या आणि धोतरे हातमागावर विणून घ्यायची आणि फरक सरकारने सोसायचा. माग चालू राहिले, पण त्यांच्यावर निघणारा माल साधा झाला आणि गिऱ्हाईक एकच उरले, ते म्हणजे सरकार. नव्वदच्या दशकात ही योजना गुंडाळली गेली. तोपर्यंत साधी साडी विणण्यात इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगावचे यंत्रमाग केव्हाच पुढे निघून गेले होते. विणकराच्या आठवणीत मागांचे बंद पडणे आणि खुले धोरण एकाच दशकात येतात, म्हणून दोष परदेशाच्या नावावर जातो. खरा प्रतिस्पर्धी महाराष्ट्रातच होता.

आता कापसाकडे येतो. रेल्वेपूर्वी नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला. वाटेतच त्याचे दिवस आणि दर दोन्ही खर्ची पडत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथल्या कापसाची निर्यात बंद पडली आणि लँकेशायरने आपल्याकडे तोंड वळवले. भाव आकाशाला भिडले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणी राज्यांच्या जनरल लीने शरणागती पत्करली आणि मुंबईचा शेअरबाजार आपटला. त्याच वर्षी विलायतेशी तारेने संपर्क जोडला गेला होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. आठवडेच्या आठवडे चालणारी भावाची बातमी तासांत येऊ लागली. हिंगणघाटी कापसाचा भाव यापुढे हिंगणघाटला ठरणार नव्हता, तो लिव्हरपूलला ठरणार होता.

विदर्भाच्या कापसाला दुसरे मोठे गिऱ्हाईक मिळाले ते जपान. १८९३ मध्ये टाटांच्या पुढाकाराने मुंबई-कोबे अशी जपानी जहाजे सुरू झाली आणि आपला आखूड धाग्याचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांत जाऊ लागला. चाळीस वर्षांत जपान तोच कापूस विणून भारतात आणून विकू लागला. १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिशेतर कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानने उत्तर म्हणून भारतीय कापूस घेणेच बंद केले. १९३४ च्या करारात अखेर तडजोड झाली, ती अशी की जपान जेवढा कापूस उचलेल त्या प्रमाणात त्याला कापड विकता येईल: १० लाख गाठी कापसामागे साडेबत्तीस कोटी वार कापड, आणि जकात ५० टक्के.

या प्रसंगावर मी एक पूर्ण प्रकरण खर्च केले आहे. जकात वाढावी असे कोणाला वाटत होते? गिरणीमालकाला आणि लँकेशायरला. ज्या कास्तकाराचा कापूस कोबेच्या जहाजात चढत होता त्याला ती वाढणे परवडत नव्हते. हातमागवाल्याला कापडावर जकात हवी होती, पण सुतावर आणि नकली रेशमावर नको होती, कारण ते त्याच्या मागावर चढत होते. आणि वर्षातून एकदा लुगडे घेणाऱ्या शेतमजूर बाईला सगळ्यात स्वस्त कापड हवे होते, मग ते कुठलेही असो. ‘राष्ट्रहित’ या नावाखाली चाललेल्या वादात एकाच तालुक्यात चार हितसंबंध होते. त्यात भर म्हणजे निर्णय घेणारे सरकार परके होते. याच सरकारने १८९६ साली लँकेशायरच्या समाधानासाठी इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला होता आणि तो जायला १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला.

सरकार आपले झाले म्हणून हे चार हितसंबंध एक झाले नाहीत. फेब्रुवारी २०२१ पासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढवले, कापड निर्यातदार अडचणीत आले आणि त्यांच्या मदतीसाठी केंद्र सरकारने कापसावरचे आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकले. नेमक्या याच महिन्यांत विदर्भात पऱ्हाटीला बोंडे फुटतात आणि नवा कापूस बाजारात येतो. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, आणि खुल्या बाजारात भाव त्याहून कमी. कापूस महामंडळाच्या केंद्रावर न्यावा तर ओलाव्याची अट: ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत. ऑक्टोबरात पाऊस लांबला की हा काटा शेतकऱ्याच्या हातात राहत नाही. यंत्राची सुई कापसात खुपसतात, आकडा दिसतो आणि वर्षभराच्या कष्टाचा निकाल तिथेच लागतो. गाडी भाड्याची असते, वेचाईचे पैसे रोख द्यायचे असतात. त्यामुळे परत नेण्यापेक्षा व्यापारी देईल त्या भावाला माल सोडावा लागतो. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारातला पौंडामागे सेंटमधला भाव, डॉलरचा दर आणि सरकीचा व ढेपेचा भाव या साऱ्यांचे गणित त्या व्यापाऱ्याच्या मोबाइलवर असते. शेतकऱ्याच्याही मोबाइलवर ते असते. फरक एवढाच की व्यापारी थांबू शकतो.

डॉलरचा विषय निघाला म्हणून डॉ. आंबेडकरांची आठवण करून देणे गरजेचे वाटते. १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी दाखवले की रुपया घसरला की निर्यातदाराला नफा होतो, पण किमती वाढतात तितक्या वेगाने मजुरी वाढत नाही, म्हणजे तो नफा बऱ्याच अंशी मजुराच्या ताटातून येतो. रुपया घसरला की कापसाला बरा भाव येतो, म्हणून आनंद मानणाऱ्यांनी वेचणीच्या बाईची मजुरी त्याच वर्षी किती वाढली ते पाहावे.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना टाळून कापसावर लिहिता येत नाही. जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाला नव्वदच्या सुरुवातीला देशभर विरोध होत असताना त्यांनी बाजार खुला करण्याची बाजू घेतली. शेतकऱ्याला लुटणारे परदेशी नसून निर्यातबंदी आणि स्वस्त धान्याचे आपलेच धोरण आहे, हा त्यांचा मुद्दा होता. निर्यातबंदीबद्दल ते बरोबर होते, हे मी स्पष्ट लिहितो. पण खुल्या बाजारात समोर उभा असलेला अमेरिकी शेतकरी स्वतःच्या सरकारच्या अनुदानावर उभा होता, ही बाजू त्यांच्या मांडणीत हलकी राहिली. ब्राझीलने त्या अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, २००५ मध्ये अपिलातही जिंकला आणि २०१४ मध्ये अमेरिकेकडून ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड हे आफ्रिकेतले चार कापूस उत्पादक देश २००३ पासून तीच तक्रार मांडत आहेत. श्रीमंत देशांनी अंतर्गत अनुदान कमी करावे या त्यांच्या मागणीचा निकाल अजून लागलेला नाही. नियम सर्वांना सारखे असतात, पण वकील लावण्याची आणि उलट शुल्काची धमकी देण्याची ऐपत सारखी नसते. ब्राझीलकडे ती होती, चाडकडे नाही.

मँगनीजचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे, आणि मराठीत या विषयावर फारच थोडे लिहिले गेल्यामुळे ते मी मुद्दाम सविस्तर केले. हा काळा दगड हातात घेतला की आकाराच्या मानाने भलताच जड लागतो. त्याच्या मऊ जातीने बोटे काजळल्यासारखी होतात. याच्याशिवाय पोलाद होत नाही. वितळलेल्या लोखंडातला प्राणवायू आणि गंधकाचा दोष तो काढतो, पोलादाला कणखरपणा देतो. मध्य प्रांतात त्याची खोदाई १९०० च्या सुमारास नागपूर जिल्ह्यात, मनसरकडे सुरू झाली. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारताच्या मँगनीजवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि इथल्या एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. जगभरचे भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी हे नाव शिकतात.

खाणी इतक्या झपाट्याने वाढल्या त्याचे कारण कॉकेशसमध्ये होते. रशिया-जपान युद्ध आणि १९०५ ची क्रांती यांनी तिथल्या चियातुराच्या खाणींचा पुरवठा विस्कटला. युरोपच्या भट्ट्यांना दुसरीकडून माल हवा होता. भाव चढले, आणि १९०७ मध्ये सुमारे नऊ लाख टन काढून भारत जगात पहिला आला. त्यातला मोठा वाटा मध्य प्रांताचा होता. उघड्या खाणींत दगड फोडायला आणि निवडायला बायका मोठ्या संख्येने होत्या. याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बँकांवर ठेवीदारांची धाड आली, अमेरिकेचा पोलाद धंदा बसला आणि १९०८ मध्ये मँगनीजचा भाव कोसळला. टोपली डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बाईने यातले काहीच केले नव्हते. तिची मजुरी त्या बँकांवर अवलंबून आहे, हे तिला कोणी सांगितलेही नव्हते. पहिल्या महायुद्धात गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या खाणी पुढे आल्या, मग दक्षिण आफ्रिकेच्या. १९३० नंतरच्या महामंदीत मध्य प्रांतातल्या कित्येक खाणी बंदच पडल्या.

या साऱ्या काळात इथून बाहेर गेला तो दगडच. पोलाद ब्रिटन, बेल्जियम, जर्मनी आणि अमेरिकेत होत होते. साकचीला टाटांचे पोलाद १९१२ मध्ये निघाले, पण ते प्रमाण लहान होते. भाव ठरवणारी भट्टी जिथे असते तिथे नफा राहतो आणि खाणीच्या तोंडाशी चढउतार राहतात. घाना, गॅबन आणि बोलिव्हिया यांसारख्या देशांनी हेच विसाव्या शतकात आपापल्या खनिजांबाबत सोसले.

खाप्याच्या बाबतीत मात्र इथे गोष्ट वळते. १९६२ मध्ये ब्रिटिश कंपनीबरोबर भागीदारीत मॉइल ही सरकारी कंपनी नागपुरात उभी राहिली आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. गुमगावची खाण तिच्याकडेच आहे. दरम्यान देशात पोलाद वाढत गेले. २०१८ पासून भारत कच्च्या पोलादाच्या उत्पादनात चीनच्या पाठोपाठ दुसरा आहे. जो देश १९०७ मध्ये जगाला सर्वाधिक मँगनीज पुरवत होता, तो आज दक्षिण आफ्रिका, गॅबन आणि ऑस्ट्रेलियाकडून मँगनीज विकत घेतो. माझ्या मते आयातदार होणे ही इथे प्रगतीची खूण आहे, कारण भट्टी आपल्याकडे आली. स्वयंपूर्णतेचा जयघोष करणाऱ्यांनी याचा विचार करावा. पण म्हणून गुमगावचा भाव गुमगावला ठरू लागला असेही नाही. मार्च २०२४ मध्ये मेगन नावाच्या वादळाने ऑस्ट्रेलियाच्या ग्रूट आयलंड बेटावरचा मँगनीजचा धक्का उद्ध्वस्त केला, जगाचा पुरवठा तुटला आणि काही आठवड्यांत सगळीकडे भाव उसळले. वर्ष संपायच्या आत ते परत खाली आले. फरक असा की १९०८ मध्ये भाव पडताच मजूर उघड्यावर आला. आज कायम कामगाराचे वेतन करारानुसार मिळते, धक्का कंपनीच्या ताळेबंदात जिरतो. कंत्राटी कामगाराला ते कवच तितके लाभत नाही. जागतिक बाजार दोन्ही वेळी होता. मधल्या काळात कायदा, संघटना आणि सरकारी मालकी आली, तेवढाच बदल.

बांगलादेशाकडे मी याच नजरेने पाहतो. त्या देशात कापूस जवळजवळ पिकत नाही, तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत तो चीनच्या खालोखाल गणला जातो. कापूस पिकवणाऱ्या विदर्भाला जे जमले नाही ते त्याने केले, आणि लाखो बायकांच्या हाती पगार गेला. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, तेव्हा त्या पगाराची किंमतही जगाला दिसली. आपल्या संत्र्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक हाच देश. त्याने २०१९ नंतर संत्र्यावरचे आयात शुल्क पुन्हा पुन्हा वाढवले, तेव्हा काटोल, नरखेड, सावनेरच्या बागायतदारांना माल देशातच मिळेल त्या भावाला काढावा लागला. बांगलादेशाचे अर्थकारण हा आता सावनेरच्या बाजाराचाही विषय आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे सांगतो. प्रकरणे देशवार नाहीत, मालवार आहेत, कारण माल सीमा ओलांडतो तेव्हाच देशांचे खरे बळ कळते. जपान, दक्षिण कोरिया आणि चीन यांनी बाजार खुला केला तो आपल्या सोयीने आणि आपल्या क्रमाने. त्यांच्यावरची प्रकरणे कापड आणि पोलाद यांच्या पोटात आली आहेत. १९९५ ची जागतिक व्यापार संघटना, २००१ मधला चीनचा तिच्यातला प्रवेश आणि २००२ मध्ये आपल्याकडे आलेले बीटी बियाणे यांची चर्चा कापसात आहे. स्थलांतराला मी स्वतंत्र जागा दिली, कारण सावनेर तालुक्यातला तरुण आज मिहान, पुणे, आखात अशा ठिकाणी जातो, आणि श्रमाला सीमा ओलांडण्याची मोकळीक मालाइतकी कधीच मिळाली नाही. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी मँगनीजपासून वाचायला घ्यावे. त्यानंतर १९३४ च्या जपान कराराचे प्रकरण, आणि मग वर्तमानपत्रात आयात शुल्काची बातमी येईल तेव्हा ती चार बाजूंनी वाचून पाहावी: पिकवणारा, विणणारा, विकणारा आणि नेसणारी.